आधी तोंडपाठ, मग प्रश्न, मग मांडणी: घरी मूळ विषय शिकवण्याची जुनी रीत

मुलांना घरी शिकवायचं ठरलं की पहिली चर्चा पुस्तकांची होते. कुठली आणायची, किती आणायची, कुठल्या बोर्डाची. माझं म्हणणं, पुस्तकं नंतर बघू, आधी क्रम ठरवा. विषय कुठलाही असो, आधी तो मुलाच्या तोंडात बसवायचा, मग त्यावर त्याला प्रश्न विचारायचे आणि शेवटी चार माणसांसमोर तो मांडायला लावायचा. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. थोरली सातवीच्या वयाची, धाकटा तिसरीच्या. दोघं घरीच शिकतात आणि आमचा भाषा-गणितापासून इतिहास-विज्ञानापर्यंतचा सगळा अभ्यास याच तीन पायऱ्यांनी चालतो.

रीत जुनी आहे. मध्ययुगातल्या युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही तीन शास्त्रं आधी शिकवत. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल ही चार त्यानंतर. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात पहिल्या तीन शास्त्रांची सांगड मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी घातली. लहान मुलाला घोकायला आवडतं, जरा मोठं झालं की ते वाद घालतं, आणखी मोठं झालं की त्याला स्वतःचं काही सांगायचं असतं. घरी शिकवणाऱ्या बऱ्याच पालकांनी पुढे हाच धागा धरला. आपल्याकडच्या संस्कृत पाठशाळांतही क्रम फारसा वेगळा नव्हता. अमरकोश आणि रूपावली आधी मुखोद्गत, मग व्याकरण आणि न्याय म्हणजे तर्कशास्त्र, मग वादसभा. म्हणून ही रीत पाळायला लॅटिन शिकावं लागत नाही. लॅटिनच्या जागी आपल्याकडे संस्कृत आहे आणि सगळ्यात आधी मराठी आहे.

पाठांतराला लाजू नका

'घोकंपट्टी' म्हणून पाठांतराला नावं ठेवायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पाठ करायला जड जात नाही, उलट त्यात त्याला मजा येते. जे पाठच नाही त्यावर विचार तरी कशाचा करणार? गुन्हा पाठांतराचा नाही, पाठ झालेलं तसंच पडू देण्याचा आहे.

रोज सकाळी आंघोळ-नाश्ता झाला की वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. उभं राहून, मोठ्याने, तालात. नवीन दोनच ओळी आणि बाकी सगळी उजळणी. आमच्याकडे फिरत्या क्रमाने येतं ते असं: पाढे, मराठीच्या विभक्तीचे प्रत्यय, 'राम' शब्दाची चोवीस रूपं, मनाचे श्लोक, जिल्ह्याचे बारा तालुके, इतिहासातल्या सनावळ्या. तालुके म्हणताना धाकटा नकाशावर बोट फिरवतो, करवीरपासून निघून चंदगडला थांबतो. नुसत्या यादीपेक्षा बोटासकट केलेलं पाठांतर पक्कं बसतं.

मराठी व्याकरणाकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होतं, कारण आपली भाषा आपल्याला येतेच असं वाटतं. पण मुलाला वाक्य सोडवता आलं पाहिजे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. तेव्हापासून नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, अव्ययं ही हत्यारं आपल्या हातात आहेत, ती वापरा. रोज एकच वाक्य घ्या, तेही घरातलं. 'आजीने बंबात चिपाडं घातली.' कर्ता कोण, कर्म काय, 'आजीने'ला तृतीया का, क्रियापद 'घातली' असं का झालं, 'घातला' का नाही? एवढ्यात पंधरा मिनिटं जातात आणि ती वाया जात नाहीत. क्रियापद आजीच्या मागे न जाता चिपाडांच्या मागे गेलं हे ज्या दिवशी मुलाच्या ध्यानात येतं, त्या दिवशी कर्मणी प्रयोग त्याला कळलेला असतो, नाव नंतर सांगितलं तरी चालतं.

शुद्धलेखनाला वेगळा तास नको. चांगल्या गद्यातला एक परिच्छेद आज बघून लिहायचा, उद्या ऐकून लिहायचा, परवा नुसत्या चार-पाच खुणेच्या शब्दांवरून पुन्हा उभा करायचा आणि मूळ लेखाशी ताडून बघायचा. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं आणि वाक्याची घडण ही तिन्ही त्यातच येतात.

श्लोक पाठ झाले की तिथे थांबू नका, त्यांची मोजणी करा. मनाचे श्लोक २०५ आहेत आणि सगळे भुजंगप्रयात वृत्तात. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' ही ओळ वहीत लिहायला सांगा आणि प्रत्येक अक्षरावर खूण करायला लावा, लघूला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ. ग लघू, णा गुरू, धी गुरू. श लघू, जो गुरू, ई गुरू. पुढे श लघू, आणि 'सर्वां'मधला स? दिसायला लघू, पण पुढे जोडाक्षर आलं म्हणून उच्चारात त्याच्यावर जोर येतो आणि तो गुरू होतो. मुलं इथेच अडतात आणि इथेच शिकतात. शेवटी पानावर एकच आकृती चारदा दिसते: लघू गुरू गुरू, लघू गुरू गुरू. तीन अक्षरांचा असा गट म्हणजे गण, आणि हा 'य' गण, चार वेळा. 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र पाठ असलं की बाकीचे गणही मुलं आपले आपण काढतात. मग मोरोपंतांची 'सुसंगति सदा घडो' घ्या, ती पृथ्वी वृत्तात आहे, सतरा अक्षरं, चाल पूर्ण वेगळी. मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये इथल्याच पन्हाळ्यावरचा, हे सांगितलं की कोल्हापूरचं मूल ती ओळ जरा आपलेपणाने म्हणतं.

गणित: आजीचे पाढे आणि गच्चीवरची दोरी

पाढे तीसपर्यंत हवेतच. त्याच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पुन्हा घरात आणा. आमच्या सासूबाईंना औटकीपर्यंत येतात, म्हणजे साडेतीनचा पाढा. ते शिकवायचं काम त्यांच्याकडेच आहे आणि माझ्यापेक्षा त्या कडक आहेत. आजी-आजोबा घरात असतील तर हा विषय त्यांना द्या. मुलाला येतं आणि त्यांचाही मान राहतो.

पाढा पाठ झाला की लगेच बाजारात न्या. गूळ ६४ रुपये किलो धरा. पाऊण किलोचे किती? ४८. सव्वाचे ८०, दीडचे ९६, अडीचचे १६०, साडेतीनचे २२४. आधी पाढ्यावरून तोंडी सांगायचं, मग कसं आलं ते फोडून दाखवायचं: ६४ आणि त्याच्या निम्मे ३२, म्हणून दीडपट ९६. ही फोड म्हणजेच पुढचा अपूर्णांकांचा धडा. ज्याला सवायकी येते त्याला 'एक पूर्णांक एक चतुर्थांश'ची भीती वाटत नाही.

भूमिती मात्र पाठांतराने सुरू करू नका. तिथे युक्लिडचाच रस्ता चांगला. त्याच्या ग्रंथाची पहिली रचना समभुज त्रिकोणाची आहे आणि ती गच्चीवर खडू आणि दोरीने करता येते. दोन ठिपके काढा, मधे सरळ रेघ मारा. दोरी बरोबर त्या रेघेएवढी घ्या. एका ठिपक्यावर दोरीचं टोक धरून खडूने वर्तुळ फिरवा, मग दुसऱ्या ठिपक्यावर धरून दुसरं. जिथे वर्तुळं एकमेकांना छेदतात तिथून दोन्ही ठिपक्यांपर्यंत रेघा ओढा, त्रिकोण तयार. आता पट्टी काढू देऊ नका. मोजायचं नाही, सिद्ध करायचं. तिन्ही बाजू सारख्या कशावरून? थोरली बराच वेळ खडूच्या रेघांकडे बघत बसली आणि म्हणाली, "आई, दोरी तीच आहे की." बस्स, हीच सिद्धता. नंतर ती वहीत नीट शब्दांत उतरवायची: ही बाजू या वर्तुळाची त्रिज्या, ती बाजू त्या वर्तुळाची त्रिज्या, दोन्ही पहिल्या रेघेएवढ्या, म्हणून एकमेकींएवढ्या.

पायथागोरसच्या प्रमेयाला गवंडीकाका उत्तम शिक्षक. कुठे घराचं काम चालू असेल तर विचारून मुलांना घेऊन जा. पायाचा कोपरा काटकोनात आहे का हे बघायला ते एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजतात आणि दोन्ही खुणांमधलं अंतर पाच फूट भरतं का ते बघतात. मुलाला विचारा, सहा-आठ-दहा चालेल का? पाच-बारा-तेरा? दोन-तीन-चार का नाही? प्रमेय पुस्तकात भेटेल तेव्हा ते ओळखीचं असेल.

तर्क: गुऱ्हाळाचा धूर

सगळ्यात जास्त जीव मी इथे ओतते, कारण शाळेत आणि घरातही हीच पायरी गाळली जाते. अकरा-बारा वर्षांचं मूल उलट बोलायला लागलं की आपण त्याला गप्प करतो. खरं तर तेव्हा त्याला वाद घालायची शिस्त द्यायची असते. न्यायशास्त्रात ती तयार आहे. अनुमानाचे पाच अवयव: प्रतिज्ञा, हेतू (म्हणजे कारण), उदाहरण, उपनय, निगमन. शास्त्रकारांचं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं, आम्ही ते गुऱ्हाळावर आणलं.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की करवीर तालुक्यात दूरवरून धूर दिसतो. रस्त्याकडेला उभं राहून थोरलीने पाची वाक्यं म्हणायची. त्या खोपीत विस्तव आहे. कारण तिथून धूर निघतोय. जिथे जिथे धूर, तिथे तिथे विस्तव, जसा आपल्या बंबात. या खोपीतूनही तसाच धूर निघतोय. म्हणून तिथे विस्तव आहे. मग आत जाऊन बघायचं. चुलवाणात चिपाडं जळताहेत, वर काहिलीत रस उकळतोय, गुळव्या मळी काढतोय. अनुमान खरं निघालं.

आता ते मोडून बघायचं. विस्तव आहे म्हणजे धूर असणारच का? लोहाराकडे लालबुंद तापलेला लोखंडाचा तुकडा दाखवा, विस्तव आहे आणि धूर नाही. म्हणजे नियम एकाच बाजूने चालतो, उलटा फिरवता येत नाही. दुसरी परीक्षा थंडीतल्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर. पलीकडच्या काठावर पांढरं काहीतरी तरंगतंय. धूर की धुकं? धुकं असेल तर हेतूच खोटा आणि सगळं अनुमान कोसळलं. तिसरी: गुळाचा वास आला, म्हणून जवळ गुऱ्हाळ आहे. नाही, मार्केट यार्डातही वास येतो आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरून गेलेल्या टेम्पोमागेही येतो. एकाच खुणेची कारणं अनेक असू शकतात, हे मुलाला इथे कळतं. पुढे वर्तमानपत्र वाचताना, मोबाइलवर आलेला मजकूर बघताना हेच उपयोगी पडतं. आमच्या जेवणाच्या ताटावर "हेतू काय?" हा प्रश्न कुणीही कुणाला विचारू शकतं, मुलांनी मलासुद्धा.

विज्ञानालाही हीच पायरी लावा. त्यासाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत येतात तो किरणोत्सव वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मुलांना तारखा द्या आणि विचारा, दोनदाच का? आणि याच तारखांना का? कॅलेंडर घेऊन मधले दिवस मोजू द्या. नोव्हेंबरच्या १० तारखेपासून ४१ दिवसांनी २१ डिसेंबर, तिथून आणखी ४२ दिवसांनी १ फेब्रुवारी. मधोमध वर्षातला सगळ्यात लहान दिवस. म्हणजे दक्षिणेकडे सरकताना मावळता सूर्य एका जागी येतो आणि परतताना पुन्हा त्याच जागी. हे उत्तर तुम्ही सांगू नका. आठवडा लागला तरी लागू दे. भक्तिभावाने दर्शन घेणारी माझी सासू आणि दिवस मोजणारी माझी मुलगी एकाच रांगेत उभ्या असतात, दोघींचं डोकं आदरानेच झुकतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात, साधारण ६ तारखेच्या सुमाराला, भरदुपारी गच्चीत सरळ काठी उभी करा. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. हेच ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा होतं, ढग असले तर दिसत नाही एवढंच. दिल्लीत हे कधीच होत नाही. का, ते मुलांनी पृथ्वीच्या गोलावर कर्कवृत्त शोधून सांगायचं.

इतिहासात तर्क कसा लावायचा याला टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय पुरेसं आहे. तिथे पॉसिडॉनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, काशाची छोटी मूर्ती आहे. ती इथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली. समुद्र घाटाच्या पलीकडे, मग समुद्राचा परका देव पंचगंगेच्या काठावर कसा आला? आधी मुलांचे अंदाज वहीत लिहून घ्या, मग सातवाहन काळातला रोमन व्यापार वाचा. पन्हाळ्याचंही तसंच. जुलै १६६० ची रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, बाजीप्रभू, शिवा काशीद ही नावं प्रत्येक मुलाला येतात. नकाशा पुढ्यात घेऊन विचारा: जायला विशाळगडच का निवडला? खिंडीतच का अडवलं? मोकळ्या माळावर काय झालं असतं?

मांडणी: शनिवारची सभा

शनिवारी संध्याकाळी आमच्या सोप्यात सभा भरते. सासूबाई, शेजारचे काका-काकू, कधी मुलांचे मित्र. दोन्ही मुलांनी आठवड्यात शिकलेलं काहीतरी उभं राहून सांगायचं.

लहानांसाठी ग्रीक-रोमन शाळांतला एक सराव फार चांगला आहे. इसापाची एक गोष्ट घ्यायची आणि तीच निरनिराळ्या तऱ्हेने सांगायला लावायची. एकदा तीन वाक्यांत, एकदा भरपूर वर्णन घालून, एकदा शेवटापासून उलटी, एकदा कोल्ह्याच्या तोंडून आणि एकदा कावळ्याच्या. गोष्ट ठरलेली असल्यामुळे 'काय सांगू' ही अडचण उरत नाही, सगळं लक्ष 'कसं सांगू' यावर जातं. बोलायला बुजणारं मूल असेल तर त्याला आधी लिहून वाचू द्या, मग निम्मं वाचून निम्मं बोलू द्या. सभेत आम्हा मोठ्यांना एकच नियम आहे, मधे बोलायचं नाही. चुका दुसऱ्या दिवशी एकट्याला सांगायच्या.

मोठ्यांसाठी पूर्वपक्ष. आपलं मत मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं इतक्या प्रामाणिकपणे मांडायचं की त्याने "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं कबूल करावं. मगच उत्तरपक्ष. विषय जवळचा आणि खरा घ्या. आम्ही शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड होता. तो योग्य का? थोरलीला सक्तीच्या बाजूनेच बोलायचं होतं, म्हणून पूर्वपक्ष तिच्याकडे दिला. ज्या घरात पोरगं गुरं राखतं म्हणून भाकरी मिळते, त्या बापाने रुपया कुठून आणायचा, हे तिने असं मांडलं की काका खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यानंतर तिचा उत्तरपक्ष आपोआप भारदस्त झाला, कारण आता तिला त्या बापालाच समजावायचं होतं.

मांडणीसाठी वाचन लागतं आणि सगळी पुस्तकं विकत घेणं परवडत नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहरात आहे, त्याचा उपयोग करा. मुलांना सोबत न्या आणि पुस्तक त्यांनाच निवडू द्या. इंग्रजीबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही. वर मराठीला लावली तीच रीत तिथेही चालते, फक्त कविता आणि स्पेलिंग जरा जास्त पाठ करून घ्यावं लागतं. संस्कृत रोज दहा मिनिटं पुरे, पण रोज.

कागदपत्रं

ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी मुलाला शिकवलं नाही म्हणून दंड व्हायचा, तिथे शाळेबाहेर मूल ठेवणाऱ्याची जबाबदारी दुप्पट आहे असं मी मानते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांचं शिक्षण सक्तीचं आहे. घरी शिकवण्यासाठी त्यात वेगळी नियमावली नाही. म्हणून परीक्षेचा रस्ता आधीच बघून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या अ, ब, क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या आहेत आणि तिथे दहावीला बसायला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. राज्य मंडळाची दहावी द्यायची असेल तर खाजगीरीत्या १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याच्या अटी त्या-त्या वर्षी मंडळाकडून बघून घ्या. आधी शाळेत घातलेलं मूल काढत असाल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटचं प्रगतिपुस्तक न विसरता घ्या, पुढे सगळीकडे तेच मागतात.

मुलांच्या वह्या रद्दीत घालू नका. प्रत्येक पानावर तारीख, वर्षाअखेरीस विषयवार गठ्ठे, सभेत वाचलेले निबंध वेगळ्या फाइलमध्ये. आणि त्याच फाइलच्या आतल्या बाजूला, पुढच्या वर्षी काय काय तोंडपाठ करायचं त्याची यादी, मुलाच्या स्वतःच्या अक्षरात.